झिजलेला शब्द आणि कथनाचे ऋण

१

मराठी कथा-कादंबरीच्या निवेदनात काही वाक्प्रयोगांचा वावर इतका सततचा आहे, की ते आता कोणत्याही एका लेखकाचे उरलेले नाहीत. वाईट वार्ता आली की पात्राच्या काळजात चर्र होते, पायांखालची वाळू सरकते. निरोपाच्या प्रसंगी डोळ्यांच्या कडा पाणावतात. म्हातारी आई पदराने डोळे टिपते, आणि बाप, तो कोणत्याही गावचा असो, आवंढा गिळतो. अशा शब्दांना मराठी समीक्षेने ‘गुळगुळीत’, ‘साचेबंद’, ‘सांकेतिक’ अशी विशेषणे लावली. संपादक, परीक्षक आणि लेखनशिबिरांतील मार्गदर्शक ह्यांवर एकच उपाय सांगत आले आहेत: झिजलेला शब्द टाळावा, त्याला पर्याय शोधावा.

हा उपदेश वरवर पाहता निर्दोष आहे. मात्र त्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. झीज हा त्या त्या शब्दाच्या ठिकाणी असलेला दोष आहे आणि म्हणून शब्द बदलला की दोष नाहीसा होतो, हे पहिले गृहीतक. शब्द झिजला आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार सरावलेल्या वाचकाकडे निर्विवादपणे असतो, हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके तपासू लागल्यावर प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. ज्याच्या दुःखाविषयी लिहिले जाते त्याचे लेखकाने काय देणे लागते, असा तो प्रश्न होतो.

२

भाषेच्या व्यवहारात झीज हा अपवाद नसून नियम आहे, ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द घेतला आहे. कुश नावाचे धारदार गवत हात न कापता वेचून आणतो तो कुशल, असा त्याचा अवयवार्थ सांगितला जातो. आज कुशल कारागीर म्हणताना गवत आठवण्याची गरज कुणालाही भासत नाही. ‘गाशा गुंडाळणे’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात घोडाही नसतो आणि खोगीरही नसते. रूपक मरते तेव्हा त्याचा शब्द होतो, आणि अशा मृत रूपकांच्या थरांवरच भाषा उभी असते. प्रत्येक शब्द जिवंत आणि चमकता असावा असा आग्रह धरला तर एक वाक्यही बोलता येणार नाही.

तरीही सर्व झीज एका मोलाची नसते. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार घ्यावा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जो संहार झाला त्याने महाराष्ट्रातील असंख्य घरांत सुतक आणले. आज निवडणुकीत एखाद्या पक्षाचे पानिपत होते, क्रिकेटच्या सामन्यात संघाचे पानिपत होते. ह्यात कुणाचा अपराध आहे असे म्हणता येणार नाही. अडीच शतकांपूर्वीच्या मृतांचे स्मरण प्रत्येक वाक्यात ठेवावे अशी सक्ती भाषेवर करता येत नाही, कारण विसरण्याचाही भाषेला हक्क असतो. मात्र जे दुःख अजून विसरले जाण्याइतके जुने झालेले नाही, जे कदाचित आजच कुणाच्या तरी घरी घडत आहे, त्याच्याविषयी लिहिताना आधीच विसरलेला शब्द वापरणे ही वेगळी गोष्ट आहे. झिजेचा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो.

३

पर्याय शोधावा म्हणजे नेमके काय करावे? एका बापाला मुलाच्या मृत्यूची बातमी दूरध्वनीवरून कळते, असा प्रसंग कल्पावा. ‘त्याच्या पायांखालची वाळू सरकली’ हे वाक्य झिजलेले म्हणून लेखक खोडतो आणि ‘तो मुळापासून हादरला’ असे लिहितो. तेही जुने वाटते, म्हणून ‘त्याचे भावविश्व उद्ध्वस्त झाले’ असे लिहितो. अधिक आधुनिक व्हायचे असेल तर ‘त्याच्या अस्तित्वाला तडा गेला’ असे लिहितो. शब्द तीनदा बदलले, पण त्या बापाविषयी वाचकाला पहिल्या वाक्याने जितके कळले होते त्याहून कणभरही अधिक कळलेले नाही. तो कोण होता, दूरध्वनी आला तेव्हा काय करीत होता, त्याने तो ठेवला की हातात धरून ठेवला, आणि आत स्वयंपाक करणाऱ्या बायकोकडे जायला त्याला किती वेळ लागला, ह्यांतले काहीच लेखकाने पाहिलेले नाही. दोष शब्दाच्या आधीचा आहे. पाहण्याचे श्रम टाळले गेले आणि त्या रिकाम्या जागी शब्द येऊन बसला. अशा जागी नवा शब्द बसवला तरी जागा रिकामीच राहते. आजचे संगणकीय साधन बोटाच्या एका टिचकीसरशी दहा प्रतिशब्द पुढे करते. त्याने शोधाचे श्रम वाचतात, मात्र न पाहिलेले पाहिले जात नाही.

व्हिक्टर श्क्लोव्हस्की ह्या रशियन समीक्षकाने १९१७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात अपरिचितीकरणाची कल्पना मांडताना टॉलस्टॉयच्या १८९७ मधील रोजनिशीचा आधार घेतला आहे. टॉलस्टॉय खोली झटकीत होता. झटकता झटकता दिवाणापाशी आला तेव्हा आपण दिवाण पुसला की नाही हेच त्याला आठवेना. सवयीने केलेली कृती जणू घडलीच नव्हती. सवयीत हरवलेली वस्तू पुन्हा दिसावी ह्यासाठी कला असते, असा श्क्लोव्हस्कीचा निष्कर्ष आहे. टॉलस्टॉयची अडचण शब्दाची नव्हती, लक्ष नसण्याची होती. ‘दिवाण’ ह्या शब्दाला पर्याय शोधून ती सुटली नसती.

भारतीय काव्यशास्त्रात पर्यायाचा विचार कुंतकाने फार सूक्ष्मपणे केला आहे. ‘वक्रोक्तिजीविता’त पर्यायवक्रता हा एक स्वतंत्र प्रकार आहे. एकाच अर्थाचे अनेक शब्द उपलब्ध असताना विवक्षित अर्थ सांगू शकणारा जो एकच असतो तोच काव्यात शब्द म्हणवून घेण्यास पात्र, अशी त्याची भूमिका आहे. ‘कुमारसंभवा’त बटूचा वेष घेतलेला शिव पार्वतीला तिच्या निश्चयापासून परावृत्त करू पाहतो. तेव्हा शिवाची सहस्र नावे हाताशी असताना कालिदास ‘कपाली’ हेच नाव योजतो, ह्याकडे कुंतक लक्ष वेधतो. कवटी धारण करणाऱ्याविषयी जुगुप्सा निर्माण करणे हा बोलणाऱ्याचा हेतू आहे आणि तो त्याच नावाने साधतो. ‘कपाली’ हे नाव कालिदासाने घडवलेले नाही. ते परंपरेतले, सर्वांना ठाऊक असलेले नाव आहे. निवड अचूक ठरली ती शब्दाच्या नवेपणामुळे नव्हे, तर कोण, कुणाला, कशासाठी बोलत आहे ह्याच्या जाणिवेमुळे. कुंतकाच्या अर्थाने पर्याय म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवणे नव्हे. ज्याला बदली असू शकत नाही असा शब्द सापडणे म्हणजे पर्याय.

४

मराठी कथनाचा इतिहास पाहिला तर पर्यायांची साखळी किती लवकर गंजते हे दिसते. ‘मुक्तामाला’ (१८६१) पासूनच्या अद्भुतरम्य कादंबरीने नायिकेसाठी चंद्र, कमळ आणि हरिणी ही उपमाने संस्कृत काव्याकडून घेतली. पुढे फडके-खांडेकरांच्या काळात ती मागे पडली आणि त्यांच्या जागी खेळकर लालित्य व सुभाषितवजा कल्पनाविलास आला. त्यांच्या अनुकरणात तोही बेगडी झाला. नवकथेने हा बेगड खरवडून काढला आणि दुःखाच्या क्षणी क्षुल्लक तपशिलाकडे खिळलेली नजर दाखवली. यथावकाश मराठी कथेतले प्रत्येक शोकाकुल पात्र छताच्या पंख्याकडे किंवा भिंतीवरच्या पालीकडे पाहत बसू लागले, आणि तो तपशीलही ‘पाणावलेल्या कडां’इतकाच तयार माल ठरला.

ह्या संदर्भात भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) उदाहरण अधिक उद्बोधक आहे. पांडुरंग सांगवीकराच्या निवेदनात ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ हे दोन अगदी निर्जीव, कारकुनी शब्द पुन्हा पुन्हा येतात. नेमाड्यांनी झिजलेल्या शब्दाला पर्याय शोधला नाही, उलट सर्वांत झिजलेले शब्दच उचलले. ज्या जगात सर्व मोठे शब्द आधीच कुणीतरी वापरून टाकलेले आहेत तेथे ‘वगैरे’ हा शब्द पांडुरंगाच्या अविश्वासाचे आणि संकोचाचे चिन्ह होतो. त्याच निवेदनात धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग येतो तेव्हा ह्या तिरकस भाषेने स्वतःभोवती उभारलेली तटबंदी किती तोकडी आहे हे उघडे पडते. नंतरच्या अनेक लेखकांनी हे ‘वगैरे’ उचलले, पण ज्या अविश्वासातून ते आले होते तो त्यांच्यापाशी नव्हता. एके काळी उपाय म्हणून आलेला शब्द अशा रीतीने स्वतःच रोग झाला. पर्याय शब्दांच्या साठ्यात असतो असे मानले की प्रत्येक साठा संपतो, एवढेच ह्या इतिहासावरून निष्पन्न होते.

५

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मधील इंग्रजी भाषा व राजकारण ह्यांवरील निबंधात मरू घातलेल्या रूपकांवर जी टीका केली तिचे मर्म सौंदर्यशास्त्रीय नव्हते. तयार शब्द लेखकाच्या वतीने विचार करतात आणि गरज पडली की अर्थ लेखकापासूनही लपवतात, हा त्याचा आक्षेप होता. निःशस्त्र गावांवर बाँब टाकण्याला ‘शांतता प्रस्थापित करणे’ म्हटले की मेलेली माणसे वाक्यातून नाहीशी होतात.

हा आक्षेप महाराष्ट्रातही लागू पडतो. विदर्भ-मराठवाड्यात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला. शासकीय दप्तराने भरपाईच्या निकषांनुसार त्या मृत्यूंची ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी वर्गवारी केली. सातबारा कुणाच्या नावे होता आणि कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, ह्यांवर मृत्यूची पात्रता ठरू लागली. वृत्तपत्रांनी ‘बळीराजा’ हा शब्द इतका वापरला की त्यातला राजाही गेला आणि बळीही. ललित लेखकापुढे हीच भाषा तयार पडलेली असते. कथेत ‘कर्जबाजारी बळीराजाने अखेर गळफासाला जवळ केले’ असे वाक्य येते तेव्हा लेखकाची सहानुभूती खरी असली तरी परिणाम दप्तरासारखाच होतो. एक माणूस एका रकान्यात जातो. ‘पात्र’ म्हणणारा कारकून निदान नियमाने बांधलेला असतो. कथाकाराला त्या रकान्यात जायला कुणी सांगितलेले नसते.

येथे ‘ऋण’ हा शब्द अलंकार म्हणून योजलेला नाही. दुसऱ्याच्या दुःखावर लिहिणारा लेखक ते दुःख उसने घेतो. कथेला वजन येते ते त्या दुःखामुळे, लेखकाचे नाव होते तेही त्यामुळे. बदल्यात त्याने निदान एवढे तरी द्यावे, की त्या माणसाचे दुःख त्याचे म्हणूनच ओळखू यावे, इतर शंभरांच्या दुःखाशी त्याची अदलाबदल होऊ नये. निवेदकाचा झिजलेला शब्द हे देणे बुडवतो.

६

येथवरचा युक्तिवाद खरा असला तरी तो अपुरा आहे. झिजलेला शब्द निवेदकाच्या वाक्यातून काढताना पात्राच्या तोंडूनही काढला जातो, आणि तेथे न्यायाच्या नावाने दुसरा अन्याय घडतो.

‘मादाम बोव्हारी’मध्ये (१८५७) फ्लोबेरने हा प्रश्न निर्णायकपणे मांडला आहे. तयार कल्पनांचा कोश रचणारा हा लेखक सांकेतिक भाषेचा कट्टर वैरी होता. त्याची नायिका एम्मा मात्र प्रियकराशी सर्वांत सांकेतिक भाषेत बोलते. अनेक स्त्रियांच्या तोंडून तेच शब्द ऐकलेला रोदोल्फ, शब्द तेच म्हणजे भावनाही तीच, असा निष्कर्ष काढतो. फ्लोबेरचा निवेदक येथे रोदोल्फची बाजू घेत नाही. सारख्या शब्दांखालचा भावनांचा वेगळेपणा त्याला दिसू शकला नाही, हे निवेदक त्याचे उणेपण मानतो, कारण भरून आलेले मन पुष्कळदा पोकळ उपमांतूनच सांडते आणि स्वतःच्या दुःखाचे नेमके माप कुणालाच देता येत नाही. रोदोल्फ हा एका अर्थी चोखंदळ वाचक आहे. झिजलेला शब्द त्याने अचूक ओळखला, पण माणूस ओळखला नाही.

मराठी जीवनात ह्याचा प्रत्यय दुखवट्याच्या घरी येतो. भेटायला आलेला माणूस ‘झालं ते फार वाईट झालं’, ‘देवाच्या मनात होतं तसं झालं’ एवढेच बोलतो आणि बसून राहतो. त्याने तेथे एखादी ताजी प्रतिमा योजली तर ते औचित्याला सोडून होईल. येथे शब्दाचे मोल त्याच्या जुनेपणातच आहे. असंख्य दुखवट्यांत तो उच्चारला गेला आहे, म्हणूनच तो ह्या घराला त्या सर्व घरांशी जोडतो आणि बोलणाऱ्याला स्वतःकडे लक्ष वेधू देत नाही. कथेतल्या प्रत्येक पात्राच्या तोंडी ताजे, नेमके शब्द घालणारा लेखक अशी माणसे चितारतो जी कुठेच राहत नाहीत. शिवाय ज्यांच्यापाशी समाजाने दिलेल्या शब्दांखेरीज दुसरे काही नाही त्यांचे ते शब्दही तो काढून घेतो.

हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. तिच्या शीर्षकाकडे ह्या दृष्टीने पाहावे. त्यात एकही निवडक शब्द नाही. कुणीही, कशाविषयीही, दिवसातून चारदा करावी अशी ती घरगुती तक्रार आहे. ही तक्रार यमुनेच्या आत्मनिवेदनाच्या आरंभी उभी आहे. बालपण, सासर, पतीचा सहवास, वैधव्य आणि केशवपन इथवर वाचक पोहोचतो, तेव्हा त्याच चार शब्दांना उत्तर देणे त्याला अशक्य झालेले असते. शब्द बदललेला नाही. त्याची किंमत मात्र कादंबरीने पानापानाने चुकती केली आहे. झिजलेल्या शब्दाचे ऋण फेडण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो पर्याय शोधण्याहून अधिक कष्टाचा आहे.

७

उरतो प्रश्न अधिकाराचा. शब्द झिजला, हे कुणी म्हणायचे?

दलित साहित्याच्या आरंभी पर्यायाचा प्रश्न सर्वस्वी वेगळ्या रीतीने सुटला होता. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ह्या संग्रहाने, दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) आणि कवितेत नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) जे शब्द आणले ते घडवलेले नव्हते. हजारो माणसांच्या रोजच्या वापरात ते होते, फक्त छापील मराठीच्या उंबरठ्याबाहेर ठेवलेले होते. वाचकांना ते नवे वाटले ह्याचा अर्थ एवढाच, की ते बोलणारी माणसे त्या वाचकांना अपरिचित होती. शब्दाचा नवेपणा हा येथे वाचकाच्या अज्ञानाचा हिशेब होता.

पुढे ‘गावकुसाबाहेर’ ह्यासारखे शब्द सर्वत्र आढळू लागले आणि ते ‘घिसेपिटे’ झाल्याची तक्रार सुरू झाली. ही तक्रार काही अंशी रास्त होती. उसन्या अनुभवावर लिहिणाऱ्यांनी तो शब्द मुद्रेसारखा वापरला. तरीही हा शब्द केवळ प्रतिमा नाही. तो एक जागा दाखवतो, आणि ती जागा पुष्कळ गावांच्या रचनेत आजही दिसते. वस्तुस्थिती टिकून असताना शब्द तेवढा जुना झाला, हे म्हणणे कुणाच्या सोयीचे आहे? ऐकणारा कंटाळला एवढ्याने सांगणाऱ्याचे सांगून झाले, असे ठरत नाही. पुनरुक्तीचा कंटाळा हा कित्येकदा सौंदर्याभिरुचीचा वेष घेऊन आलेला न ऐकण्याचा निर्णय असतो. म्हणून शब्दाची झीज वापराच्या संख्येवरून मोजता येत नाही. शब्द आणि तो ज्याकडे निर्देश करतो ती गोष्ट, ह्यांतले नाते तुटले आहे की नाही, हेच पाहावे लागते. ते तुटले असेल तर एकदाच वापरलेला शब्दही मृत असतो, आणि नाते शाबूत असेल तर हजारदा वापरलेला शब्दही टाकाऊ ठरत नाही.

८

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या अखेरच्या उद्योतात नवतेचा विचार केला आहे. पूर्वी पाहिलेलेच अर्थ रसाच्या योगाने वसंतातल्या वृक्षांसारखे नवे भासतात, असे तो सांगतो. वृक्ष तेच असतात. त्याच उद्योतात तो काव्यांतील साम्याचे तीन प्रकार करतो: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधाऱ्यांमधल्या साम्यासारखे. पहिले दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. कारण अवयव सारखे असले तरी दोन माणसे एक ठरत नाहीत, प्रत्येकाचा प्राण वेगळा असतो. झिजलेल्या शब्दाच्या प्रश्नालाही हाच निकष लावता येतो. ‘डोळ्यांत पाणी आले’ हे वाक्य दोन कथांत अक्षरशः सारखे असू शकते. एका कथेत ते प्रतिबिंब असते, दुसरीत देहधारी.

म्हणून पर्यायाचा शोध शब्दकोशात संपत नाही. कधी पर्याय म्हणजे दुसरा शब्द, कुंतकाच्या अर्थाने एकमेव असा. कधी तो शब्दच नसतो, केवळ घटना असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा माणसे निघून जातात आणि शाळा रिकामी राहते. त्या रिकाम्या शाळेशेजारी शोकाचा कोणताही शब्द थिटा पडला असता. कधी पर्याय मौनाचा असतो. आणि कधी सर्व पर्याय चाचपून झाल्यावर लेखक पहिल्याच, जुन्या शब्दाकडे परत येतो. बाहेरून पाहणाऱ्याला ह्या परतण्यात आणि आळसात फरक दिसत नाही. फरक असतो तो त्या शब्दाच्या आधीच्या पानांत, म्हणजे त्या बापाने दूरध्वनी ठेवण्यापूर्वी आणि ठेवल्यानंतर काय केले हे कुणी पाहिले होते की नाही, ह्यात. ते पाहिलेले असेल तर त्याच्या पायांखालची वाळू खुशाल सरकावी.